सिंगापूर अडीच तास पुढे

“सिंगापूर ते मुंबई किती तास लागतात गं?” भाईकाकांनी मला विचारलं, तेव्हा आप्पांना जाऊन तासही झाला नव्हता.

“साडेपाच,” मी म्हटलं.

“फक्त?”

“विमानात साडेपाच. पुढे विमानतळावरून बाहेर पडून पेणला यायचं, म्हणजे आणखी तीन-सव्वातीन तास धरा.”

मी आप्पांच्या हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारत होते. भाईकाका आप्पांचे चुलतभाऊ, दोन घरं सोडून राहायचे. आळीत कुणाकडेही मयत झालं की पहिली हाक त्यांना जायची. बांबू कुणाकडून आणायचे, लाकडं किती लागतील, भटजी कोणते मोकळे असतील, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाले, “म्हणजे संध्याकाळच्या आत आरामात. मग थांबू. रंगा येईपर्यंत थांबायलाच हवं. अग्नी द्यायला मुलगा आहे म्हटल्यावर दुसरा कोण देणार?”

मी पट्टीची गाठ घट्ट केली आणि उठले.

या गोष्टीला आता सोळा वर्षं होतील. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती. मी पेणच्या शाळेत आठवी ते दहावीला भूगोल शिकवायचे. वय एकोणचाळीस. माझं लग्न जमलं नाही की मी जमू दिलं नाही, यावर आमच्या आळीत दोन पक्ष होते, आणि दोन्ही पक्षांची माणसं माझ्याकडेच शिकवणीला मुलं पाठवायची. आई मी नोकरीला लागले त्याच वर्षी गेली. घरात आप्पा आणि मी. धाकटा भाऊ श्रीरंग त्याच्या सात वर्षं आधी सिंगापूरला गेला तो तिकडचाच झाला. बायको जुई, एक मुलगी, नवव्या मजल्यावर घर.

आप्पा जायच्या चार वर्षं आधी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांची अंघोळ, भांडं, कूस बदलणं, औषधं, सगळं माझ्याकडे. शाळेच्या वेळात शेजारच्या म्हात्रे वहिनी येऊन बसायच्या. आप्पा पोस्टात तारमास्तर होते. सगळा जन्म तारेचे शब्द मोजण्यात गेला, आणि आजारपणानंतर तर तोंडातून शब्द निघायलाच कष्ट पडायचे. तरी दोन गोष्टी ते रोज बोलायचे. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर विचारायचे, “तिकडे किती वाजले?” मी आपल्या घड्याळात अडीच तास मिळवून सांगायची. मग म्हणायचे, “साडेपाच तास. उठला की आला.”

एकदा त्यांनी मला शाळेचा नकाशासंग्रह आणायला लावला. मी मुंबईपासून सिंगापूरपर्यंत दोरा धरला, पट्टीवर मोजला, प्रमाणानं गुणला आणि सांगितलं, एकोणचाळीसशे किलोमीटर. आप्पांनी डाव्या हाताची चार बोटं नकाशावर ठेवून पाहिली. मुंबईपासून सिंगापूर बरोबर चार बोटं भरलं. त्या दिवशी ते खुशीत होते. भात दोनदा मागितला.

मला त्या चार बोटांचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? मी चार वर्षं एका भिंतीपलीकडे होते, आणि मला कुणी कधी मोजलं नाही. कुणी भेटायला आलं की आप्पा सांगायचे, “रंगाचा रोज फोन असतो.” फोन रविवारी असायचा, दहा मिनिटं. मी शेजारी त्यांचे पाय चोळत बसलेली असायची आणि आलेला माणूस माझ्याकडे पाहून म्हणायचा, “नशीबवान आहात, आप्पा.” आप्पा मान हलवायचे.

आता त्या सकाळकडे येते.

आप्पा पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गेले. मी पाणी पाजायला चमचा तोंडाशी नेला आणि ते पाणी ओघळून उशीवर आलं. एवढंच झालं. मी म्हात्रे वहिनींना उठवलं, वहिनींनी भाईकाकांना निरोप दिला. डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. जाताना भाईकाकांना बाजूला घेऊन म्हणाले, “अंगात पाणी साठलंय. हवा ही अशी. संध्याकाळच्या पुढे ठेवू नका.” पनवेलला मृतदेह ठेवायची थंड पेटी मिळायची, तिची चौकशी झाली, ती आधीच कुणीतरी नेलेली होती. बर्फाच्या लाद्या सांगितल्या. त्यांच्या भरवशावर संध्याकाळ गाठता आली असती, रात्र नाही. भाईकाकांनी जाहीर केलं, “सूर्यास्ताच्या आत.” सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांनी होता. हे मी सांगितलं. अशा गोष्टी मला विचारायच्या, अशी आळीची पद्धत होती.

पावणेसहाला मी श्रीरंगला फोन लावला. तिकडे सव्वाआठ झाले होते. तो ऑफिसला निघायच्या गडबडीत होता.

“रंगा, आप्पा गेले.”

मागे त्याच्या मुलीचा डबा-दप्तर असा काहीतरी आवाज चालला होता. मग तो म्हणाला, “कधी?”

“आत्ताच. अर्धा तास झाला.”

“त्रास झाला?”

“नाही.”

“तू ठीक आहेस?”

“मी ठीक आहे. भाईकाका म्हणतात तुझ्यासाठी थांबायचं. संध्याकाळपर्यंतच थांबता येईल. विमान बघ आणि लगेच फोन कर.”

साडेसहाला त्याचा फोन आला. आमचा फोन पुढच्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर. मोबाइलला त्या घरात रेंज येत नसे. तोपर्यंत खोली भरली होती. भाईकाका, त्यांचा मुलगा अजित, म्हात्रे वहिनी, आळीतली आठ-दहा माणसं. सगळ्यांना माझं बोलणं ऐकू जात होतं, त्याचं फक्त मला.

“ताई, अकरा चाळीसचं विमान आहे. एक जागा मिळतेय. आत्ता निघालो तर मिळेल.”

“अकरा चाळीस तिकडचे ना?”

“हो, इकडचे.”

मी मोठ्यानं गणित केलं. वर्गात करते तसंच, सगळ्यांना कळेल असं. “अकरा चाळीस आणि साडेपाच. पाच दहा. त्यात अडीच तास मिळवले की सात चाळीस. पुढे तीन-सव्वातीन तास रस्ता. म्हणजे तुला घरात पाऊल टाकायला अकरा वाजतील रे.”

फोनच्या तारेत एक बारीक खरखर होती, ती ऐकू येत राहिली.

“अकरा,” तो म्हणाला.

“हो.”

“म्हणजे पोचत नाही.”

“नाही पोचत.”

मग तो म्हणाला, “बरं, ताई. मग मी संध्याकाळच्या विमानानं निघतो. उद्या सकाळी येतो. तुम्ही करून घ्या.”

मी फोन ठेवला. भाईकाका माझ्याकडे बघत होते. “मघाशी तर साडेआठ-पावणेनऊ तासच म्हणालीस.”

“तिथली वेळ वेगळी असते ना, भाईकाका,” मी म्हटलं. “अडीच तासांचा फरक पडतो.”

“हो, ते आहेच,” भाईकाका म्हणाले. कोपऱ्यातून कुणीतरी दुसऱ्याला हळू आवाजात समजावलं, “त्या भूगोल शिकवतात.” यावर सगळ्यांच्या माना हलल्या आणि विषय संपला.

मी चहा टाकायला आत गेले. दूध गॅसवर ठेवलं आणि ते वर येईपर्यंत उभी राहिले. तेवढ्या वेळात मला कळलं. सिंगापूर पूर्वेला आहे. तिकडची वेळ पुढे. तिकडून इकडे येताना अडीच तास वजा करायचे असतात. पाच दहातून अडीच तास गेले की दुपारचे दोन चाळीस. पुढे सव्वातीन तास. सहाच्या आत तो घरात असता.

नववीच्या सहामाहीत मी हा प्रश्न दरवर्षी घालते. निम्मी मुलं मिळवतात. त्यांच्या पेपरवर मी लाल शाईनं लिहिते, ‘पूर्वेकडून पश्चिमेकडे येताना वजा.’ ही चूक मी चार वर्षांत एकदाही केली नव्हती. रोज दोन वेळा आप्पांना तिकडची वेळ सांगायची आणि रविवारी उलट गणित करून श्रीरंगच्या फोनच्या आधी त्यांना बसतं करायचं, हे माझ्या हातापायात मुरलेलं होतं. त्या दिवशी ते कसं चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. जीभ घसरली असं म्हटलं तर कुणीही मानेल. मी मानत नाही आणि नाकारतही नाही.

पण दूध वर आलं तेव्हा मला कळलं होतं, एवढं नक्की. पुढचं सगळं कळून केलेलं आहे.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात सहा चाळीस झाले होते. श्रीरंगचं घर विमानतळापासून अर्ध्या तासावर. सव्वासातपर्यंत त्याला सांगितलं तर तो अजूनही ते विमान पकडू शकत होता. मला पुढच्या खोलीत जाऊन म्हणायचं होतं, “अहो, माझं चुकलं, तो पोचतोय.” एवढंच. कुणी काही म्हटलं नसतं. बाप गेलेल्या बाईचा हिशोब चुकणारच.

मी चहा गाळला. बशा कपांखाली लावल्या. ट्रे घेऊन बाहेर गेले, सगळ्यांना दिला. फोनच्या शेजारी दोनदा जाऊन उभी राहिले. एकदा रिसिव्हर उचलला, डायलटोन ऐकला आणि ठेवला. म्हात्रे वहिनींनी विचारलं, “कोणाला करायचाय? मी करते ना, नंबर सांगा.”

“नको,” मी म्हटलं. “आठवत नाहीये कोणाला करायचा होता.”

वहिनींनी मला धरून खाली बसवलं. त्यांना वाटलं मी भ्रमिष्टासारखी वागतेय. मी आप्पांच्या उशाशी जाऊन बसले. तिथला दिवा वाऱ्यानं हलत होता, मी हाताचा आडोसा धरला. खरं सांगायचं तर तिथं बसले तेव्हा माझ्या मनात आप्पा नव्हतेच. मनात हेच होतं, की आता रंगा येणार, दारात सगळे त्याच्या गळ्यात पडणार, तो पुढे आणि मी बायकांमध्ये मागे. तो नवंकोरं धोतर नेसून आप्पांना नेणार आणि आळी म्हणणार, मुलगा आला बघा, चार हजार किलोमीटरवरून धावत आला. आणि मी घरी राहून आप्पांच्या गादीचा अभ्रा धुवायला टाकणार. मला ते सहन होत नव्हतं. असं वाटणं चांगलं नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

सव्वासात वाजले. साडेसात वाजले. मग गणिताचा उपयोग राहिला नाही.

भाईकाकांनी तयारीला सुरुवात केली. “अजित अग्नी देईल,” ते म्हणाले. “पुतण्या म्हणजे मुलासारखाच.” अजित पस्तिशीचा, भला माणूस होता. तो वर्षातून दोनदा आप्पांना भेटायचा, गणपतीत आणि दिवाळीत.

“मी देणार,” मी म्हटलं.

“काय?”

“अग्नी. मी देणार आहे.”

भाईकाकांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला. “शैला, आपल्यात असं नाही गं. बायका घाटावर येत नाहीत, तू अग्नी देण्याच्या गोष्टी करतेस. लोक काय म्हणतील?”

“लोकांना मी उत्तर देईन.”

“तू देशील, पण विचारतील मला.”

तेवढ्यात भटजी आले. भाईकाका त्यांच्याकडे वळले. “काय हो गुरुजी, चालतं का हे?”

गुरुजी तरुण होते. मी त्यांना दहावीला शिकवलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भाईकाकांकडे. “शास्त्रात अडत नाही,” ते म्हणाले. “अडतं ते माणसांत. मुलगा वेळेत पोचणार नसेल तर मुलीनं करायला काही हरकत नाही.”

“पोचणार नाही हे नक्की ना?” भाईकाकांनी पुन्हा मला विचारलं.

“नक्की,” मी म्हटलं.

म्हात्रे वहिनी आजवर पुरुषांपुढे कधी बोलल्या नव्हत्या. त्या दारातून म्हणाल्या, “चार वरसं हिनंच केलं ना त्यांचं सगलं. मंग आता हिनंच करू द्या.” भाईकाकांनी चष्मा परत घातला.

साडेचारला निघालो. बर्फ वितळून खोलीभर पाणी झालं होतं. मी ओलं पातळ नेसले, मडकं धरलं आणि पुढे झाले. मे महिन्यातला पेणचा रस्ता संध्याकाळीही तापलेला असतो. अनवाणी पायांना चटके बसत होते. मागून चाळीसएक माणसं येत होती. कुणी ‘राम बोलो’ म्हणत होतं, पण आवाज पडलेले होते, कारण पुढे बाई चालली आहे याची सगळ्यांना लाज वाटत होती. दुकानदार दुकानातून बाहेर येऊन हात जोडत होते आणि हात जोडता जोडता माझ्याकडे बघत होते. माझ्या वर्गातली दोन मुलं सायकली थांबवून उभी होती. माझ्या आणि मागच्या माणसांच्या मध्ये चांगलं दहा पावलांचं अंतर होतं. ते कुणी ठरवून ठेवलं नव्हतं, पण कुणी पुढे आलंही नाही. इतकी एकटी मी आयुष्यात त्याआधी कधी चालले नव्हते.

नदीकाठी गुरुजींनी सांगितलं तसं करत गेले. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारल्या, अजितनं दगडानं मडक्याला भोकं पाडली, मी ते मागे टाकलं. मग पेटती काटकी हातात दिली. लाकडं कोरडी होती, लगेच धरली.

मनगटावर घड्याळ तसंच राहिलं होतं, काढायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात सहाला दहा मिनिटं होती. मी गणित केलं. आत्ता तो हमरापूर फाटा ओलांडून पुढे आला असता. आत्ता त्यानं आळीच्या तोंडाशी टॅक्सी थांबवली असती. माझी नजर सारखी रस्त्याकडे जात होती. तो येऊ शकला असता हे माहीत असलेली तिथं मी एकटीच होते, आणि वाटही मीच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला श्रीरंग आला. दारात बूट काढले आणि तिथंच उंबऱ्याशी बसला. भाईकाकांनी त्याला पोटाशी धरलं. म्हणाले, “वेळेनं घात केला रे, नाहीतर थांबलो असतो.” श्रीरंग मान खाली घालून म्हणाला, “हो.” माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

पुढचे बारा दिवस तो होता. बाकीचे विधी त्यानंच केले. लोक भेटायला आले की तो पुढच्या खोलीत बसायचा आणि मी आत चहा करायची. जो येईल तो त्याला म्हणायचा, “अंत्यदर्शनही नशिबात नव्हतं हो तुमच्या.” मी आत ऐकायची आणि कपात साखर घालायचं विसरायची. तीन माणसांनी बिनसाखरेचा चहा मुकाट पिऊन संपवला. रोज ठरवायची, आज रंगाला सांगेन. तो आप्पांच्या कॉटवर झोपायचा. सकाळी मी चहा घेऊन जायची तर तो जागाच असायचा, छताकडे बघत. मी कप ठेवून परत यायची. आम्हा बहीणभावांत तेवढ्या दिवसांत जी वाक्यं झाली, ती बहुतेक गॅस सिलिंडर आणि आप्पांच्या पेन्शनच्या कागदांविषयी होती.

चौदाव्या दिवशी तो निघाला. त्याला सोडायला मी टॅक्सीत बसले. मुंबईपर्यंत तो खिडकीतून बाहेर पाहत होता. विमानतळावर आत जायला वेळ होता, म्हणून दाराबाहेरच्या कठड्यावर टेकलो. समोर गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. दुपारचं ऊन काचांवर पडलं होतं. आता नाही सांगितलं तर हे कायमचं माझ्या पोटात राहणार होतं.

“रंगा, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं.”

“काय?”

“वेळ. अडीच तास वजा करायचे होते, मी मिळवले. तू पोचला असतास. सहाच्या आत पोचला असतास. चहा करताना माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा तुला फोन करता आला असता. मी केला नाही.”

तो समोरच्या गाड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दोन चाळीसला उतरतं ते विमान.”

मला क्षणभर काही उमजलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“सात वर्षांत चारदा आलो, ताई. चारही वेळा त्याच विमानानं आलो. तिकिटावर छापलेलं असतं.” त्यानं बॅग पायाशी ओढली. “तू अकरा म्हणालीस तेव्हा समोर संगणकावर मला दोन चाळीस दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

त्यानं बॅगेचा पट्टा हातात घेऊन सैल केला, पुन्हा आवळला.

“आदल्या रविवारी मी फोन केला होता ना. तू मध्येच आप्पांचं औषध आणायला आत गेलीस. तेव्हा त्यांनी मला विचारलं, येतोस का. एवढंच. शब्द जुळवायला त्यांना किती वेळ लागला. मी म्हटलं, रजा नाही. रजा होती, ताई. आम्ही तिघं फिरायला जाणार होतो. बुकिंग झालेलं होतं.”

मी त्याच्या हातातल्या पट्ट्याकडे बघत राहिले.

“टॅक्सी खाली उभी होती. मी तुला सांगणार होतो, निघतोय म्हणून. आणि तू म्हणालीस पोचत नाहीस. मला सुटल्यासारखं झालं. त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला नको. आणि ते मी ठरवलंय असंही नाही, ताईनंच सांगितलं. मी टॅक्सी परत पाठवली.” त्यानं पट्टा पुन्हा सैल केला. “मला वाटलं तू परत फोन करशील. तुझं असलं गणित चुकत नाही. मी सव्वासात होईपर्यंत फोनजवळ बसून होतो. इकडचे सव्वासात. तू फोन केला असतास तर आलो असतो.”

तेरा दिवस मी स्वतःला चोर समजत होते. इथं कळलं की घरमालक दार उघडं टाकून आपणहून निघून गेला होता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. हलकंही वाटलं नाही.

“तू रागावलीस?” त्यानं विचारलं.

“नाही. तू?”

त्यानं मान हलवली. मग वाकून माझ्या पायांना हात लावला. असं त्यानं लहानपणीही कधी केलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो आत गेला, काचेपलीकडून एकदा हात केला आणि रांगेत दिसेनासा झाला.

परतीच्या टॅक्सीत मी मागे एकटी बसले होते. आप्पा गेल्यापासून मी रडले नव्हते. लोकांनी त्याला माझा कणखरपणा म्हटलं होतं. पनवेल मागे पडलं, आणि मला त्या सकाळचे साडेसहा ते सव्वासात पुन्हा दिसायला लागले. एका शहरात तो फोनजवळ बसलेला, इकडे मी फोनजवळ उभी. तो माझ्या फोनची वाट बघत होता आणि मी तो करायचा नाही हे बघत होते. आम्हा दोघांनाही खरी वेळ माहीत होती, आणि आम्ही दोघंही आपापलं दुःख सांभाळत होतो. पाच फुटांवर जमिनीवर आप्पा निजलेले होते. त्यांना मुलगा हवा होता. जन्मभर त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि त्या पाऊण तासात त्यांच्या बाजूनं कुणीच नव्हतं. चौदा दिवस मला माझं वाईट वाटत होतं. त्या रस्त्यावर पहिल्यांदा आप्पांचं वाटलं, आणि मग पेण येईपर्यंत मी रडत राहिले.